प्रयागबाईनं आज भाकरी केली

शालिग्राम मास्तरांनी रोजनिशी लिहायचं ठरवलं, तेव्हा जर्मनीचा कैसर, इंग्रज सरकार आणि प्रयागबाई या तिघांनाही त्याची कल्पना नव्हती. कैसरला ती शेवटपर्यंत आली नाही, सरकारला फार उशिरा आली. प्रयागबाईला त्याच दिवशी आली, कारण दौत म्हणून मास्तरांनी तिची हळदीची वाटी रिकामी करून घेतली.

सन एकोणीसशे अठराचा श्रावण कोरडा चालला होता. इंझोरीपासून दीड कोसावरच्या एका खेड्यात मास्तर शाळा चालवत. गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही. तिथली माणसं अजूनही आपलं नाव कुठं लिहिलं जायला घाबरतात, आणि का घाबरतात तेच इथं सांगायचं आहे.

शाळा तपासायला आलेले साहेब जाता जाता म्हणाले होते, "मास्तर, सुशिक्षित माणसाने रोजनिशी ठेवावी. जगात महायुद्ध चाललं आहे. पुढच्या पिढ्या विचारतील." साहेब हे प्रत्येक गावात बोलत असावेत आणि पुढच्या गावाला पोचेपर्यंत विसरत असावेत. पण मास्तरांना ते वाक्य लागलं. गावात लिहिता येणारी माणसं चार. त्यातली दोन फक्त सही करत आणि तिसरे इंद्रभान पाटील सरकारी रजिस्टरापलीकडे अक्षर काढत नसत. म्हणजे पुढच्या पिढ्यांची सगळी भिस्त मास्तरांवरच होती. असा बोजा अंगावर आला की माणूस ताठ चालायला लागतो, तसे मास्तर चालायला लागले.

वहीसाठी ते शेलूबाजारला गेले. खेमचंद शेठच्या दुकानात कागदाची वही एकाच जातीची मिळे, दुकानदारांची, लाल कापडाची, दोरीनं बांधायची. खेमचंद शेठ जैन माणूस, देवाधर्माला पक्का. त्यानं वही तशीच हातात दिली नाही. आधी कुंकवाचं बोट लावलं, पहिल्या पानावर 'शुभ' आणि 'लाभ' लिहिलं, वर सुपारी ठेवली.

"मास्तर, दोन गोष्टी ध्यानात ठेवजा. वही एक दिवस बी कोरी नाही ठेवाची. अन् वहीत खोटं नाही लिवाचं. आमच्या सात पिढ्यात कोनी नाही लिवलं."

सात पिढ्यांबद्दल मास्तरांना थोडी शंका होती, पण त्यांनी मान डोलावली आणि सुपारीवर हात ठेवून दोन्ही शपथा घेतल्या.

मास्तरांची बोली गावचीच. पण वही हातात आली की ते पुस्तकी बोलत. पहिल्या दिवशी त्यांनी लिहिलं, 'आज युरोप खंडात घनघोर युद्ध चालू आहे.' हे त्यांना तीन आठवडे जुन्या वर्तमानपत्रातून कळलं होतं. दुसऱ्या दिवशी लिहिलं, 'युद्ध चालूच आहे.' तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्र आलं नाही, तेव्हा त्यांनी लिहिलं, 'युद्ध चालू असावे.' शपथ घेतलेल्या माणसाला शब्द जपून वापरावे लागतात.

प्रयागबाई चुलीपाशी बसून हे सगळं बघत होती. आठ दिवसांनी तिनं विचारलं, "काहो, माहं काई लिवलं का त्याच्यात?"

"तुझं काय लिहायचं?"

"मले काय मालूम? तुमी सारं लिवून राह्यले म्हनून इचारलं."

"ही जगाच्या घडामोडींची वही आहे. तू रोज भाकरी करतेस. त्यात घडामोड कोणती?"

प्रयागबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. "न केली म्हंजे घडामोड होईन," ती म्हणाली आणि हसली. मास्तरांनी हे वाक्य लिहिलं नाही. पुढं आयुष्यभर त्यांना ते न लिहिताच पाठ राहिलं.

गावात वहीची बातमी पसरायला एक दिवस पुरला. सल्ले त्याच्या आधीच आले. जानराव आबा गावातले सगळ्यात म्हातारे आणि सल्ल्याच्या बाबतीत सगळ्यात उदार. ते काठी टेकत ओट्यावर आले. "मास्तर, भाट येते ना दर साली, तो वंशावळ लिवते तसं लिवा. आजा, पंजा, खापरपंजा. अन् माह्या धवळ्या बैलाचं बी घ्या. असा बैल पंचक्रोशीत नाही." मास्तरांनी बैल पाहिला, शिंगं पाहिली आणि खरं तेवढं लिहिलं, 'जानराव यांचा धवळा बैल बराच वृद्ध आहे.' ते आबांना वाचून दाखवलं तेव्हा आबा दोन दिवस बोलले नाहीत.

शेजारची सोजरबाई आली. विधवा बाई, जिभेची तिखट, घरात एक तरणा मुलगा आणि कस्तुरा नावाची सून. कोणीतरी तिच्या परसातल्या कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या जळणाला पळवल्या होत्या. "चोराचं नाव लिवा. मी सांगतो," ती म्हणाली. मास्तरांनी समजावलं, की डोळ्यांनी पाहिलं तेवढंच वहीत जातं. "मंग तुमचं युद्ध कोनं पाह्यलं?" तिनं विचारलं. मास्तरांनी त्या दिवशी वही लवकर बांधली.

नवरात्र बसायच्या सुमारास मानमोडी आली. ताप, खोकला, अंग मोडून यायचं, मान टाकून माणूस पडायचा आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी उचलायला लागायचं. तरणी माणसं आधी जायची. शाळा बंद झाली. मास्तरांच्या हातात वेळ आणि वही दोन्ही उरली, आणि एकदाची खरी घडामोड त्यांच्या दारात आली होती. त्यांना याचा थोडा उत्साहही वाटला. हे लिहायला बरं वाटत नाही, पण मास्तरांनीच ते नंतर कबूल केलं आहे, म्हणून लिहितो.

त्यांनी लिहिलं, 'इंद्रभान पाटील यांस आज ताप.' पाटील तिसऱ्या दिवशी गेले. त्यांनी लिहिलं, 'गोमतीबाई फार खोकते.' गोमतीबाई गेली. त्यांनी आणखी तीन नावं लिहिली. तिन्ही गेली. मधेच जानराव आबांचा धवळ्या बैलही मेला. तो निव्वळ म्हातारपणानं मेला, पण वहीत नाव होतं हे आबा विसरले नव्हते.

गावानं हिशेब लावला. मास्तर ज्याचं नाव लाल वहीत घालतो, तो उठत नाही. वर चित्रगुप्त लिहितो, खाली शालिग्राम मास्तर लिहितो आणि दोघांची वही एकच आहे. मास्तर गल्लीत दिसले की दारं लागू लागली. बायका पोरांच्या तोंडावर पदर टाकत. मास्तर एका आजाऱ्याच्या घरी पाण्याची घागर घेऊन गेले, तर आतून आवाज आला, "घागर ठेवा अन् जा! इकडं पाहू नका!" मास्तरांच्या मनाला हे फार लागलं. दोन महिने ज्यांच्यासाठी दौत भरली, त्या पुढच्या पिढ्याच त्यांच्याकडे पाठ करून उभ्या होत्या.

"मी सांगतो त्याईले समजावून," ते संतापून घरात म्हणाले. संतापले की पुस्तकी भाषा सुटायची.

"नका सांगू," प्रयागबाई म्हणाली. "माहं नाव नाही ना त्याच्यात?"

"नाही."

"मंग बरं हाये. पहिले वाईट वाटलं होतं," ती म्हणाली आणि दुसरी घागर भरून स्वतः घेऊन गेली. तिला कोणी दारातून परतवलं नाही.

मग लालसिंगचं प्रकरण झालं. लालसिंग शेजारच्या तांड्यातला. त्याच्या माणसांनी आशा सोडली होती, पोहरादेवीला नवस बोलून झाला होता. मास्तर तांड्याच्या वाटेनं जात असताना त्यांना लालसिंग बाभळीखाली पेरू खात बसलेला दिसला. त्यांनी पाहिलं ते लिहिलं, 'लालसिंग आज उठला. पेरू खाल्ला.' लालसिंग जगला. तो पेरू खाण्याइतका आधीच बरा झाला होता, हे मास्तरांनी प्रत्येकाला सांगितलं. कोणी ऐकलं नाही. गावानं नवा हिशेब लावला. मास्तर 'ताप' लिहितो तर माणूस जातो, 'उठला' लिहितो तर उठतो. मग मास्तर 'उठला' का लिहीत नाही?

दुसऱ्या दिवसापासून दारात रांग. काल पाठ करणारे आज हात जोडून उभे. जानराव आबा म्हणाले, "मास्तर, तुमच्या बापाचं काय जाते? शाईच तर लागते!" मास्तरांनी त्यांना खेमचंद शेठची सुपारी सांगितली, शपथ सांगितली, इतिहास म्हणजे काय ते सांगितलं. आजाऱ्याच्या नातेवाइकाला इतिहास म्हणजे काय हे सांगणाऱ्या माणसाची जी गत होते, ती झाली. एकानं त्यांच्या ओट्यावरचा माठ फोडला.

संध्याकाळी सोजरबाई आली. ती भांडायला आली नव्हती. तिचा मुलगा पडला होता. "मास्तर, एक ओळ लिवा. माहा पोरगा उठला, एवढंच. मी पऱ्हाट्याचं बोलनार नाही कधी."

"सोजरबाई, मी खोटं कसं लिहू?"

ती आली तशी गेली. मुलगा दुसऱ्या दिवशी गेला. राख सावडायच्या दिवशी मास्तर भेटायला गेले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "एक ओळ मांगतली होती." तिनं शिव्या दिल्या असत्या तर मास्तरांना चाललं असतं. त्या शिव्यांची तयारी करूनच ते गेले होते.

त्या दिवशी मास्तरांनी वही उघडली आणि शपथ मोडली. कोणाच्या सांगण्यावरून मोडली नाही, आपल्या आपणच मोडली. एकेक घर आठवत त्यांनी लिहिलं, अमका आज बरा, तमकी आज उठली, अमक्यानं ताक घेतलं, तमक्याचा खोकला गेला. जे आधीच गेले होते त्यांच्याही नावापुढं लिहिलं. इंद्रभान पाटलांना त्यांनी शेतात पाठवलं. गोमतीबाईला गौरीच्या जेवणाला बसवलं, गौरी जाऊन महिना झाला होता तरी. सोजरबाईचा मुलगा बैल घेऊन शेलूबाजारला गेला. एवढी सुरेख वही मास्तरांच्या हातून आधी कधी झाली नव्हती. माणसं मात्र मरतच राहिली.

आणि दसऱ्यानंतर प्रयागबाई पडली.

मास्तर तिच्या उशाशी वही घेऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तिच्यासाठी टाक दौतीत बुडवला.

"काय लिवलं?" तिनं डोळे न उघडता विचारलं.

त्यांनी वाचून दाखवलं. "प्रयाग आज उठली. भाकरी केली."

तिला हसू आलं, मग खोकला आला. "बाप्पा! बुकात याले मले मानमोडी व्हा लागली." मग जरा वेळानं, "भाजी कायची केली?"

"अंबाडीची."

"चांगली झाली?"

मास्तरांनी खाली बघितलं. "मीठ जरा जास्त झालं होतं."

"पाहा! तिथं बी नाव ठेवलंच," ती म्हणाली. पण तिला बरं वाटलेलं दिसलं. खोटं असतं तर यांनी मिठाचं कशाला लिहिलं असतं, असं काहीतरी तिच्या मनात आलं असावं. तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. तिला न्यायला चार माणसं गोळा करताना सकाळ उलटली, कारण धड चालता येणारी चार माणसं गावात शोधावी लागत होती.

वहीत मात्र त्या दिवशी प्रयागबाईनं दिवाळीसाठी घर सारवलं. दुसऱ्या दिवशी तिनं शेवया केल्या. त्यानंतर ती बाजाराला गेली आणि बांगड्या भरून आली. रोज एक पान. कैसर पळाला, युरोपातली लढाई थांबली, तालुक्याला तोफा उडाल्या म्हणे. ज्या लढाईसाठी वही घेतली, ती संपल्याच्या दिवशी वहीत एवढंच आहे, 'प्रयागनं आज भाकरी केली. मी दोन खाल्ल्या.' त्या दिवशी मास्तर उपाशी होते.

इकडे तालुक्याची कचेरी जागी झाली. गावातले जन्म-मृत्यू लिहायचं काम पोलीस पाटलाचं. पाटील पहिल्याच आठवड्यात गेले, त्यामुळे रजिस्टर तिथंच थांबलं. त्यात त्यांच्या स्वतःच्या मरणाची नोंद नव्हती, पण याबद्दल त्यांना दोष देता येत नाही. कचेरीनं इंद्रभान पाटलांना पत्र पाठवलं, आठवडी तक्ता का पाठवला नाही, खुलासा करा. मास्तरांनी गावातर्फे उत्तर दिलं, पाटील मयत झाले. कचेरीचं उत्तर आलं की पाटील मयत झाल्याची नोंद रजिस्टरात नसल्यानं त्यांना मयत धरता येत नाही, सबब त्यांनी खुलासा त्वरित करावा. मास्तरांनी पत्र वाचून दाखवलं तेव्हा जानराव आबा म्हणाले, "मसनात नेऊन ठेवा त्याचं पत्र. तो तिथंच भेटंन."

मार्गशीर्षात मोहनसिंग नावाचा कारकून तट्टावर बसून आला. गळ्यात कापराची पुरचुंडी, नाकाला रुमाल. ओट्यावर बसला, पाणी घेतलं नाही आणि म्हणाला, "तोंडी चालत नाही. लिखापढी पाह्यजे. गावात कोनी लिवून ठेवलं का काही?"

सगळं गाव मास्तरांकडे बघू लागलं. मास्तर नको नको म्हणत असताना जानराव आबांनी आत जाऊन लाल वही आणून दिली. मदत करायची त्यांना लहानपणापासून हौस होती.

मोहनसिंग पानं उलटू लागला. तो जसजसा वाचत गेला तसतसा त्याचा चेहरा उजळत गेला. "उठला. बरा. बरी. शेतात गेला. वा! इंद्रभान पाटील हरभरा पेरून राह्यला! अन् कचेरीले सांगते मेला म्हनून!" त्यानं शेवटचं पान वाचलं. "प्रयागबाई काल माहेरून आली." मग कौतुकानं मास्तरांकडे पाहिलं. "वा मास्तर! सारा तालुका बसला अन् तुमच्या गावात मयत शून्य. साहेबाले सांगून शाबासकीचं पत्र देतो तुमाले. बाईले म्हना जरा च्या ठेवा."

मास्तरांच्या चुलीत दीड महिना राखसुद्धा नव्हती.

आपण काय बोललो हे मोहनसिंगच्या ध्यानात आलं नाही. त्यानं तक्त्यावर शून्य काढायला टाक बुडवला आणि बोलता बोलता म्हणाला, "चांगलं झालं. औषधाच्या पेट्या कमीच हायेत. इंझोरीत गाडी उभी हाये, चार पेट्या. शेकडा पाच मयत असंन त्याच गावाले द्याची, असा हुकूम हाये. तुमाले गरज नाही."

तेव्हा सोजरबाई पुढं आली. तिच्या घरात कस्तुरा पडून होती, तिसरा दिवस होता. मुलाच्या मागं तिच्याजवळ ही एक सूनच उरली होती. ती कारकुनाशी बोलली नाही, मास्तरांशी बोलली.

"मास्तर, मांगच्या टायमाले तुमाले खोटं मांगतलं होतं. तुमी नाही देल्लं. आता खरं मांगून राह्यली. आता तरी द्या."

मास्तरांनी वही आपल्याकडे ओढली. पोरांना शुद्धलेखन घालताना असतो तसा त्यांचा आवाज उगाच मोठा झाला. "मोहनसिंग, शून्य काढू नका. ही वही खोटी आहे. मी लिहिली, मीच सांगतो." मोहनसिंगनं टाक खाली ठेवला. सरकारी कामात लेखी शून्य मिळालेलं असताना कोणी ते परत घेतं, हे त्यानं नोकरीत पहिल्यांदा पाहिलं.

मास्तर एकेक नाव वाचू लागले. "इंद्रभान पाटील, शेतात गेला." गर्दीतून पाटलांचा भाऊ म्हणाला, "गेला. घटस्थापनेले." मोहनसिंगनं लिहिलं. "गोमतीबाई, गौरीला जेवली." "गेली." असं ते चाललं. काही घरं पटकन बोलली, काही घरांना दोनदा विचारावं लागलं. एक बाई म्हणाली, "ते राहू द्या ना, बुकात तं जित्तं हाये," आणि मग तिनंच दिवस सांगितला. सोजरबाईनं मुलाचा दिवस सांगताना आवाज हलू दिला नाही.

मोहनसिंगनं मोजलं. "चोवीस."

"मंग?" सोजरबाईनं विचारलं.

"खानेसुमारीत तुमचं गाव पाचशाचं. पंचवीस पाह्यजे. एक कमी हाये. हुकूम म्हंजे हुकूम, बाई. मी काय करू?"

मग जे झालं त्याला हसावं की रडावं हे गावाला अजून ठरवता आलेलं नाही. सगळं गाव एक मेलेला माणूस शोधू लागलं. कोणी म्हणालं, माझा आजा लिहा, तोही मेलाच आहे. "कधी?" "पलेगात." मोहनसिंग म्हणाला, ह्याच आजारानं मेलेला पाहिजे. कोणी विहिरीत पडलेल्या चुलत्याचं नाव दिलं. जानराव आबांनी छाती पुढं केली. "माहं लिवा! आज ना उद्या जाचंच हाये. उद्या खोकलतो." मोहनसिंग म्हणाला, "आबा, तुमी समोर उभे हा." आबा म्हणाले, "मंग आडवा होतो," आणि खरंच ओट्यावर आडवे झाले. मग त्यांच्या धवळ्या बैलाचं नावसुद्धा निघालं. आजा झाला, चुलता झाला, बैल झाला. एक नाव मात्र कोणी घेत नव्हतं. सगळे आभाळाकडे बघत होते, जमिनीकडे बघत होते, आबांच्या काठीकडे बघत होते, फक्त मास्तरांकडे कोणी बघत नव्हतं. सोजरबाईसुद्धा नाही.

मास्तरांनी वहीचं शेवटचं पान काढलं. 'प्रयाग काल माहेरून आली.'

"लिवा," ते म्हणाले. पुस्तकी भाषा कुठल्या कुठं गेली होती. "माही प्रयाग. दसऱ्याच्या पुढच्या मंगळवारी. पहाटेस."

मोहनसिंगनं नाकावरचा रुमाल काढला. टाक उचलला आणि हळू आवाजात विचारलं, "उमर?"

मास्तरांना सांगता येईना. कैसरचं वय त्यांना ठाऊक होतं. बायकांतून कोणीतरी म्हणालं, "बत्तीस. माह्याहून दोन सालानं लहान होती."

"धंदा?"

"रोज भाकरी केली," मास्तर म्हणाले.

"असा रकाना नाही, मास्तर. घरकाम लिवतो."

"लिवा. पन ते लहान पडते," मास्तर म्हणाले. "त्यात मावत नाही."

पेटी चौथ्या दिवशी आली. दोन बाटल्या फुटल्या होत्या, उरलेल्यांवर इंग्रजी चिठ्ठ्या होत्या, आणि मास्तरांनी त्या वाचून घरोघरी चमच्यानं औषध पाजलं. त्यांना आता कोणी दार लावलं नाही. कस्तुरा औषध सुरू झाल्यावर सातव्या दिवशी उठून बसली. ते औषधानं झालं की तिची दोरी बळकट होती म्हणून, हे डॉक्टरांनी ठरवावं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मरायचं तिनं चुकवलं होतं, एवढं गावानं पाहिलं. शाबासकीचं पत्र अर्थातच आलं नाही. उलट खोटी वही ठेवल्याबद्दल मास्तरांना कचेरीनं खुलासा विचारला आणि त्यांनी तो एका ओळीत दिला. ती ओळ त्यांनी कोणाला सांगितली नाही.

दहाव्या दिवशी दुपारी सोजरबाई पदराखाली झाकून भाकरी घेऊन आली. "कस्तुरानं केली," ती म्हणाली. "तिच्या हातची हाये, म्हनून आनली. जाड झाली आसंन, अजून ताकद नाही पोरीले." मास्तरांनी ती तिच्यासमोरच खाल्ली. दोन महिन्यांनंतर त्या घरात कोणीतरी जेवलं. ती गेल्यावर त्यांनी लाल वही सोडली. सुपारीची शपथ आठवली, वही एक दिवसही कोरी ठेवायची नाही आणि खोटं लिहायचं नाही. शपथ मोडल्यापासून दोन्ही शपथा एकदम पाळता येतील असं पहिल्यांदाच झालं होतं.

त्यांनी लिहिलं, 'आज कस्तुरा उठली. भाकरी केली. भाकरी जाड होती.'

मग टाक पुन्हा दौतीत, हळदीचा पिवळा डाग अजून न गेलेल्या त्या वाटीत बुडवला आणि खाली लिहिलं, 'प्रयागच्या हातची पातळ असे. मीठ कधीच जास्त झालं नव्हतं.'